आमचं दप्तर

मोठ्या माणसाच्या घरातल्या जुन्या कागदांना 'दप्तर' म्हणतात आणि तुमच्या-आमच्या घरातल्या जुन्या कागदांना 'पसारा'. कागद तसेच, शाई तशीच, वाळवी तर अगदी तीच. पण वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात कागदांचे रुमाल निघाले की त्याचं 'मेणवली दप्तर' होतं, त्यावर विद्वान मंडळी आयुष्यं वेचतात; आणि आमच्या मुकुटबनच्या घरात माळ्यावरून एक संदूक खाली उतरली की पहिला प्रश्न येतो, "हे रद्दीवाल्याले द्याचं का बंबात घालाचं?"

मुकुटबन कुठं, असं तुम्ही विचारणारच. पुण्या-मुंबईचे लोक 'यवतमाळ' म्हटल्यावरच नकाशा उलटा धरतात, तर मुकुटबनची काय कथा! यवतमाळ जिल्ह्याच्या पार आग्नेय कोपऱ्यात, वणीच्या खाली, झरी-जामणी तालुक्यात आमचं गाव. आणखी थोडं दक्षिणेला गेलं की पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबाद. म्हणजे १९४८ सालापर्यंत निजामाचं राज्य, मग हैदराबाद, मग आंध्र आणि २०१४ पासून तेलंगण. नदी जागच्या जागी आहे, पलीकडचं राज्य मात्र सारखं बदलतं. त्यामुळे आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चारही भाषा चालतात, आणि भाव करताना समोरचा जीत कच्चा असेल ती भाषा माणूस निवडतो. गावाच्या नावात मुकुट आहे, बन आहे. प्रत्यक्षात चुनखडी, कोळसा, कापूस आणि धूळ. आता मोठा सिमेंटचा कारखाना झालाय, म्हणजे धूळही सुधारलेली मिळते.

अशा सरहद्दीच्या मुलखात एखादा पुढारी निपजला की साऱ्या पंचक्रोशीचा अभिमान तो एकटा वाहतो. आमच्याकडे हे काम लोकनायक बापूजी अण्यांकडे आहे. माधव श्रीहरी अणे, जन्म १८८० साली, वणीचा. वणी म्हणजे काही साधंसुधं ठिकाण नव्हे. १९०५ सालापर्यंत सगळ्या यवतमाळ जिल्ह्याचंच नाव वणी होतं. इंग्रज त्याचा उच्चार 'वून' करीत, तो भाग वेगळा. बापूजी आधी अमरावतीला मास्तर, मग यवतमाळला वकील, टिळकांचे अनुयायी, १९३० साली पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला म्हणून तुरुंगात, १९३३ साली काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी तिथून राजीनामा, मग सिलोनात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी, मग १९४८ ते ५२ बिहारचे राज्यपाल, आणि ऐंशी उलटल्यावर, १९६२ साली, नागपूरहून अपक्ष म्हणून लोकसभेत. एवढं करून उरलेल्या वेळात टिळकांवर संस्कृतात महाकाव्य लिहिलं! त्याला बापूजी गेल्यानंतर, १९७३ साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर आम्ही उरलेल्या वेळात शब्दकोडी सोडवतो.

तर या बापूजींचे खाजगी कागद दिल्लीला आहेत. तीन मूर्ती भवनाच्या आवारातलं जे ग्रंथालय पूर्वी नेहरूंच्या नावानं होतं आणि २०२३ पासून प्रधानमंत्र्यांच्या नावानं आहे, तिथं. इतिहासाच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांत पानाच्या तळाला बारीक टाइपात 'अणे पेपर्स' असं येतं, ते हेच. मी स्वतः एका पुस्तकात ती तळटीप पाहिली आणि आसपासच्या चार लोकांना बोलावून दाखवली. त्यांतल्या दोघांना इंग्रजी येत नव्हतं, पण 'अणे' हे त्यांनी माझ्या बोटावरून ओळखलं.

आता गंमत अशी की वणीच्या पंचवीस कोसांत असं एकही जुनं घर नाही, ज्यात 'बापूजींचं एक पत्र' नाही. असतंच. कुणाच्या देवघरात असतं, कुणाच्या गादीखाली असतं, कुणाचं 'अमुक काकांनी नेलं आणि परत केलं नाही' या स्वरूपात असतं. आमच्याही घरात होतं. आमच्या आबाजींना बापूजींचं कार्ड आलं होतं, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. कार्ड पाहिलेलं माणूस मात्र मला आजवर भेटलेलं नाही. त्यामुळे त्याचा मजकूर फार समृद्ध होता.

माझे वडील म्हणत, ते कार्ड तुरुंगातून आलं होतं आणि त्यात आबाजींना देशसेवेचा उपदेश होता. वडील शिक्षक होते. कुणीही कुणालाही लिहिलं तरी त्यात उपदेशच असणार, अशी त्यांची समजूत. काकाजी ठासून सांगत, "तुरुंगातून कायचं? पाटण्याहून आलं! लाटसाहेबाचा शिक्का होता त्याच्यावर!" काकाजी तहसील कचेरीत होते, शिक्क्याशिवाय कागदाला ते कागदच मानत नसत. मोठे बाबा सांगायचे, कार्ड लंकेहून आलं. लंका का, तर मोठ्या बाबांना रामायण पाठ होतं. आणि मोठी आई, ही या सगळ्यांची वहिनी, आज नव्वदीला टेकलीय, ती म्हणते, "तुमाले काय मालूम? मामाजी मले सांगत. त्या कार्डात गाईचं होतं."

"गाईचं?"

"गाईचं. आनं गवताचं."

मोठ्या आईच्या बोलण्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. देशाचा एवढा मोठा माणूस गाईचं कशाला लिहील?

महत्त्वाच्या माणसाचे कागद टिकतात ते तो महत्त्वाचा असतो म्हणून, असा आपला समज असतो. तसं काही नसतं. ते टिकतात, कारण कुठल्या तरी टप्प्यावर कुणी तरी एक हट्टी माणूस दारात येऊन बसतो. आपल्याकडे राजवाडे होते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव भटकले, वाड्यावाड्यांतून दप्तरं धुंडाळली, लोकांच्या माळ्यांवरची धूळ खाल्ली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' खंडाखंडानं छापून काढली. पहिला खंडच पानिपताच्या काळातल्या पत्रांचा. बावीस खंड झाले. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जाणारे कागद वाचवायचे, तर वाण्याच्या आधी पोचावं लागतं, एवढं साधं गणित होतं ते. कोकणस्थ माणूस रद्दीसाठी वाण्याशी शर्यत लावतो, हे दृश्य नुसतं डोळ्यांसमोर आणा!

तिकडे अमेरिकेत अशीच एक वल्ली होऊन गेली. लायमन ड्रेपर. अमेरिकेचीही एके काळी सरहद्द होती. अप्पलाचियन डोंगर ओलांडला की पलीकडे जंगल, आणि तिथं जाऊन वसणारे राकट लोक. ते शिकारी असत, लढवय्ये असत आणि गाव वसलं की तेच पुढारी होत. डॅनियल बून हा त्यांतला बिनीचा. तो व्हर्जिनियाच्या विधिमंडळातही बसून आला. ही पिढी मातीआड गेल्यावर त्यांच्या मुला-नातवंडांकडे हा ड्रेपर कधी घोड्यावरून, कधी पायी हिंडत गेला. बूनच्या धाकट्या मुलाकडे १८५१ साली गेला, तर त्याच्या घरी मुक्कामच ठोकला. त्याला आणि त्याच्या बायकोला प्रश्न विचारून विचारून वह्या भरल्या आणि निघताना घरातले बापाचे कागदही घेऊन आला. असे जमवलेले कागद आज विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत आहेत, जवळजवळ पाचशे बांधीव खंड. ड्रेपरनं बूनचं चरित्र लिहायला घेतलं होतं, ते मात्र शेवटपर्यंत पुरं झालं नाही. जमवणाऱ्याला लिहायला सवड कुठली? आणखी एक कागद कुठं तरी आहे, हा विचार त्याला स्वस्थ बसू देत नाही. लोक म्हणत, तो कागद उसने नेतो आणि परत देत नाही. हे वाचल्यावर मात्र मला सातासमुद्रांपलीकडचा तो गृहस्थ एकदम आमच्या वणीचा वाटला.

मुकुटबनला राजवाडे आले नाहीत, ड्रेपर येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे आली ती वाटणी.

आबाजींचं कवेलूचं घर पाडून ती जागा चौघा भावांत, म्हणजे मी आणि माझे तीन चुलतभाऊ, यांच्यात वाटून घ्यायचं ठरलं. वाटणीच्या वेळी भाऊ किती सज्जन असतात ते पितळी भांड्यांपर्यंतच कळतं. घंगाळ कुणाला, पाटा-वरवंटा कुणाला, सागवानी पलंग कुणाला यावर दोन दिवस गेले. संदूक मात्र कुणालाच नको होती. "तू मोठा, तुले घे," "तुह्याकडं जागा हाय, तुले घे," असं ती संदूक चौघांच्या मायेत फिरत होती. तेवढ्यात धाकट्याला आठवण झाली.

"अरे, पण बापूजीचं कार्ड त्यातच असन ना?"

झालं! पाच मिनिटांत संदूक चौघांनाही हवी झाली. एकानं मोबाइलवर जुन्या पत्रांचे भाव पाहिले. दुसऱ्यानं 'वारसा' हा शब्द वापरला. आमच्या घरात हा शब्द तोवर फक्त तलाठ्याच्या तोंडून ऐकला होता. शेवटी मोठ्या आईनं निकाल दिला, "आधी खोला तरी. मंग भांडा."

खोलली. वास आला तो कापूर, उंदीर आणि १९५० साल यांचा मिळून होता. आणि मग तीन दिवस मी त्या कागदांत बसलो. बाकीचे येऊन-जाऊन होते, 'सापडलं का?' एवढं विचारायचे आणि चहा पिऊन जायचे.

काय नव्हतं त्या संदुकीत! सर्वांत खाली मोडी कागद. ते कुणालाच वाचता येईनात, त्यामुळे ते जमिनीचे असणार यावर एकमत झालं. त्याच्यावर तगाईच्या पावत्या, सावकाराच्या चिठ्ठ्या, फेरफाराच्या नकला. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काट्याच्या चिठ्ठ्या आणि त्यांना टाचलेले चुकाऱ्याचे हिशेब. कापूस कधी दिला, पैसे कधी मिळाले आणि मधल्या महिन्यांत कुणाकडून उसने घेतले, याचा सगळा इतिहास त्यात होता. राजवाड्यांनी पानिपतासाठी जी शिस्त वापरली तीच इथं वापरली तर एक खंड सहज निघेल, आणि पराभवाची कारणंही साधारण तीच निघतील: रसद वेळेवर पोचली नाही.

पण सर्वांत जपून, मेणकापडात गुंडाळून ठेवलेली वस्तू कुठली, तर आहेराची वही. १९३८ पासूनची लग्नं. कुणी किती रुपये घातले, कुणी लुगडं दिलं, कुणी तांब्या, तांब्याला 'पोचा आलेला' असा शेरा. आमच्या घराण्यातला हा एकमेव शास्त्रशुद्ध दस्तऐवज. कारण साधं आहे: ते देणं होतं, फेडायचं होतं. एका नावापुढे 'काही नाही, दोन वेळा जेवले' अशीही नोंद आहे. त्यांचे वंशज आज गावात प्रतिष्ठित असल्यामुळे मी नाव सांगत नाही.

पत्रं म्हणाल तर तारेच्या आकड्यात ओवलेली होती. पूर्वी घरोघरी भिंतीला ती तार असे. आलेलं कार्ड वाचायचं आणि खच्चकन टोचायचं. त्यामुळे आमच्या प्रत्येक पत्राच्या मध्यभागी भोक आहे आणि नेमका महत्त्वाचा शब्द त्या भोकात गेलाय. 'चि. ताईचे लग्न', भोक, 'तारखेस निश्चित केले आहे'. पत्रं बारशाची, लग्नाची, पीकपाण्याची, पैसे मागण्याची. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की इतक्या पत्रांत मरणाचं एकही नाही. का, तर मरणाचं कार्ड घरात ठेवत नसत; वाचलं की फाडून टाकायचं, आंघोळ करायची. तेव्हा नुसत्या कागदांवरून पाहिलं तर आमच्या घराण्यात गेल्या शंभर वर्षांत कुणीही वारलेलं नाही. फक्त मधूनमधून, कसलंही कारण नसताना, तेरा दिवसांच्या अंतरानं शंभर-सव्वाशे पानं जेवून उठली आहेत. त्यांच्या किराण्याच्या याद्या आहेत.

मला त्या याद्यांत एक यादी सापडली, १९६१ सालची. गूळ, तूर डाळ, गव्हाचं पीठ, तेल. अक्षर वडिलांचं. माझी एक आत्या लहानपणीच गेली, एवढं मी ऐकून होतो. तिचं नाव घरात कुणी काढत नसे. त्या यादीच्या कोपऱ्यात 'लाडू थोडे, तिला आवडत' असं लिहिलंय. यादी मी पुन्हा घडी घालून ठेवली.

कार्ड काही सापडलं नाही.

भाऊ निराश झाले. मी मात्र तोवर या धंद्यात मुरलो होतो. मला एक साधी गोष्ट उमगली होती, जी दिल्लीच्या विद्वानांना रोजची असेल पण मला नवी होती. माणसाच्या दप्तरात असतं काय? त्याला आलेली पत्रं. त्यानं लिहिलेली पत्रं तर पोस्टात गेली! त्याची एखादी नक्कल ठेवली असेल तेवढीच. म्हणजे दिल्लीला जे बापूजींचे कागद आहेत, त्यांत जास्तकरून गावोगावच्या लोकांनी बापूजींना काय लिहिलं ते असणार. आणि बापूजींनी लोकांना काय लिहिलं, ते आमच्यासारख्यांच्या संदुकींत, गाद्यांखाली, आकड्यात टोचलेलं. अर्धा संवाद वातानुकूलित खोलीत आणि अर्धा वाळवीच्या स्वाधीन. एका बाजूनंच ऐकलेलं टेलिफोनवरचं बोलणं जसं असतं, "हो... हो... नाही हो... मग?... अरेरे!", तसा सरहद्दीच्या मुलखाचा इतिहास दिल्लीत ठेवलेला आहे.

हे मी भावांना समजावून सांगत असताना मोठी आई म्हणाली, "मंग मामाजीनं काय लिवलं होतं ते पाय ना. त्याईची वही असन."

वही होती. आबाजींची, शाळकरी, रेघांची, पेन्सिलीनं लिहिलेली. कार्डाला पैसे पडत, म्हणून आबाजी आधी वहीत कच्चं लिहीत आणि मग कार्डावर पक्कं. व्याह्यांना लिहिलेली, बियाण्याच्या दुकानाला लिहिलेली कच्ची पत्रं त्यात आहेत. आणि एका पानावर: 'राजमान्य राजेश्री बापूजी', खोडलेलं. 'लोकनायक बापूजी अणे यांस', खोडलेलं. 'तीर्थस्वरूप', हे दोनदा खोडलेलं. शेवटी नुसतं 'बापूजींस, मुकुटबनहून सा. न. वि. वि.' मायना ठरवण्यातच माणसाची अर्धी पेन्सिल संपली होती. आणि मग:

'आमचे गावची जनावरे पूर्वी जंगलात चरत. आता नाकेदार जाऊ देत नाही. गवत वाळून जाते पण कापू देत नाही. माझी एक गाय नाकेदाराने कोंडवाड्यात घातली ती तिथेच मेली. आपण गवताचे काम हाती घेतले असे ऐकतो. तरी आपण'

पान इथं संपतं. पुढच्या पानावर भुईमुगाचा हिशेब आहे. तारीख घालायची आबाजींना सवय नव्हती.

चौघेही भाऊ थोडा वेळ गप्प बसलो. मोठी आई म्हणाली, "मी सांगत नव्हती? गाईचं होतं." आणि आत निघून गेली. नव्वद वर्षांच्या बाईला बरोबर ठरण्याचं फारसं अप्रूप राहत नसावं.

ते पत्र पक्कं झालं का, कार्डावर उतरलं का, गावच्या टपालपेटीत पडलं का, हे त्या वहीतून कळत नाही. पडलं असेल, तर आमच्या आबाजींची गाय आज दिल्लीत, तीन मूर्ती भवनात, देशाच्या मोठमोठ्या लोकांच्या पत्रांशेजारी बसलेली असण्याची शक्यता आहे. या कल्पनेनं काकाजींचा मुलगा इतका पेटला की त्यानं तिथल्या तिथं आपल्या मुलाला फोन लावला. हा पुतण्या दिल्लीला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला असतो. त्याला सरकारी नोकरीसाठी पाठवलंय, पणजोबांची गाय शोधायला नव्हे, असं त्याची आई मागून ओरडत होती. पण पोरगं उत्साही निघालं. अर्ज भरला, ओळखपत्र दाखवलं, आत जाऊन आला. संध्याकाळी त्याचा फोन.

"काका, पेन बाहेर ठेवावा लागतो. फक्त पेन्सिल चालते."

"चालेल. आबाजींचंही पेन्सिलीवरच चालत असे."

"आनं फाइली लय आहेत. मी रविवारचा क्लास बुडवून किती पाहू? आबाजींचं अक्षर कसं होतं? सही कशी करत?"

मी त्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'यात सही कुठंय?' खरंच नव्हती. पत्रच पुरं नव्हतं. मग सही शोधायला मी पुन्हा संदुकीत हात घातला. तगाईच्या पावतीवर अंगठा निघाला. फेरफारावरही अंगठाच. लिहिता-वाचता येणारा माणूस सरकारी कागदावर अंगठा का देत होता, हे मोठ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "सही येते म्हटलं का मुन्शी कागद वाचाले लावे. आनं वाचला, का समजे." शेवटी सही मिळाली ती आहेराच्या वहीच्या पहिल्या पानावर, ठसठशीत, खाली दोन रेघा. ती पाठवली.

दरम्यान वाटणीचा कागद झाला. त्यात माझ्या नावापुढे 'लोखंडी संदूक जुनी, नग १, आतील कागदांसह' अशी नोंद आहे. घंगाळ धाकट्याकडे गेलं. मी संदुकीत कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या घातल्या, आकड्यातली पत्रं सोडवून पाकिटांत भरली आणि वाटणीच्या कागदाची माझी प्रतही वरती ठेवून दिली. पुतण्या सध्या एकतिसाव्या फाइलीवर आहे. परीक्षा मे महिन्यात आहे, हे त्याच्या आईला आठवतंय.